पिठाचा कोंबडा आणि बिनतुपाची नानखटाई



दिवाळीच्या चार दिवस आधी माझी पुतणी पुण्याहून आली ती एक मोठा डबा घेऊनच. डब्यात कुकीजचे साचे, आयसिंगच्या पिशव्या, रंगाच्या बाटल्या. दोन वर्षांपासून तिने दूध, दही, तूप सगळं सोडलं आहे. आल्या आल्या म्हणाली, "काकू, या वेळी फराळात माझ्या व्हीगन कुकीजपण करायच्या."

सासूबाई माळ जपत बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, "म्हणजे काय गं?"

"आजी, नानखटाईच. फक्त तूप नाही घालायचं."

"तुपाशिवाय नानखटाई म्हणजे मिठाशिवाय भाकरी," सासूबाई म्हणाल्या. "आपण जैन आहोत. अंडं आपल्या घरात कधी आलं नाही. आता तुपात काय पाप निघालं?"

"आजी, ते तूप हल्ली कुठून येतं ते तू बघितलंस का कधी?"

पुढे दोघीही गप्प झाल्या. ही गप्पा मला त्रास देत राहिली, कारण दोघीही अहिंसेच्याच बाजूने बोलत होत्या आणि दोघींनाही वाटत होतं की दुसरीला ती कळलेली नाही. तेव्हापासून मी या बिस्किटाच्या इतिहासाच्या मागे लागले. आपण खातो ते बिस्कीट आलं कुठून, त्यात काय काय होतं, आणि त्यातून काय काय गेलं? जे सापडलं ते आज तुमच्यापुढे ठेवते.

सुरतेची भट्टी

नानखटाई ही आपल्याला अगदी घरची वाटते. पण तिच्या नावातला 'नान' हा फारसी शब्द आहे, त्याचा अर्थ भाकरी, रोटी. 'खटाई'बद्दल दोन मतं आहेत. कुणी ते 'खता', म्हणजे चीन देशाच्या जुन्या नावाशी जोडतात, तर कुणी बिस्किटाच्याच एका जुन्या शब्दाशी.

तिच्या जन्माची हकीकत सुरतेची सांगतात. सतराव्या शतकात डच व्यापाऱ्यांची सुरतेत वखार होती. त्यांच्यासाठी पाव भाजणारी एक भट्टी पुढे तिथे काम करणाऱ्या पारशी माणसांकडे आली. फरामजी पेस्तनजी दोतीवाला यांचं नाव या हकीकतीत येतं, आणि त्यांच्या बेकरीचं साल १८६१ सांगितलं जातं. पावाचं पीठ फुगवायला ताडी वापरत आणि बिस्किटात अंडी घालत. डच गेले, गिऱ्हाईक आटलं, आणि गावातली पुष्कळ घरं ताडी-अंड्याच्या मालाला हात लावीनात. मग ताडी गेली, अंडं गेलं. मैदा, साखर आणि तूप एवढंच उरलं. तीच नानखटाई.

यातला तपशील थोडा पुढेमागे असेल. पण एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. कोणा मोठ्या आचाऱ्याने बसून ही कृती शोधलेली नाही. गावातल्या घरांनी "हे आम्हाला चालत नाही" म्हटलं, आणि भट्टीवाल्याला कृती बदलावी लागली. बाजारात कोण जात होतं, सौदा कोण करत होतं ते माहीत नाही. पण घरात काय शिजेल हे ठरवणाऱ्या बायकाच होत्या. आपल्या सोलापुरातल्या हुमड घरांची मुळंही गुजरातेतलीच, म्हणजे हा नकार आपल्या ओळखीच्या स्वयंपाकघरांतला आहे.

अशीच एक गोष्ट थेट विलायतेतली. बर्मिंगहॅम शहरात आल्फ्रेड बर्ड नावाचे औषधविक्रेते होते. त्यांच्या पत्नीला, एलिझाबेथला, अंडं सोसत नसे आणि यीस्टही सोसत नसे. तिच्यासाठी त्यांनी १८३७ मध्ये बिनअंड्याची कस्टर्ड पावडर केली आणि १८४३ मध्ये बेकिंग पावडर. तिथे कारण धर्माचं नव्हतं, तब्येतीचं होतं. पण आज आपण बिनअंड्याचा केक फुगवतो तो एका बाईला यीस्ट चालत नव्हतं म्हणून लागलेल्या शोधावर.

कोणाच्या हातचं?

आता आपल्या महाराष्ट्रातली एक गोष्ट. ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये एक सभा झाली. न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक असे शहरातले नामवंत लोक तिथे होते. सभा संपल्यावर मिशनच्या मंडळींनी चहा-बिस्किटं पुढे केली. कोणी चहा घेतला, कोणी पेला नुसता हातात धरला. पुढे गोपाळराव जोशी यांनी, म्हणजे डॉक्टर आनंदीबाईंच्या यजमानांनी, हजर असलेल्यांची नावं 'पुणे वैभव' पत्रात प्रसिद्ध करवली आणि शहरात केवढा गहजब झाला! ग्रामण्य झालं, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, प्रायश्चित्तं झाली. रमाबाई रानडे यांच्या आठवणींच्या पुस्तकातही या दिवसांची हकीकत आहे, आणि घरातल्या बाईला त्याचा केवढा जाच झाला असेल ते वाचताना कळतं.

या सगळ्या वादाचा रोख कशावर होता? चहा कोणाच्या हातचा, पेला कोणाचा, बिस्कीट कोणी भाजलं, यावर. त्यात कोणाचा जीव गेला का, हा वादाचा विषयच नव्हता.

पुढे काही वर्षांनी, १८९८ मध्ये, दिल्लीत 'हिंदू बिस्किट कंपनी' नावाचा कारखाना निघाला. नावातच सगळं आलं. विलायती किंवा परक्या हातचं बिस्कीट जे खात नव्हते त्यांच्यासाठी आपल्या हातचं बिस्कीट. म्हणजे नकारामुळे धंदा उभा राहिला हे खरं, पण तो नकार शिवाशिवीचाही होता.

आपण आपल्याशी खरं बोलूया. आपल्या घरांतही हे दोन नकार एकमेकांत मिसळलेले होते. माझ्या लहानपणी दिवाळीत आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत नानखटाई भाजायला बेकरीत नेत. मैदा, तूप, पिठीसाखर घरून न्यायची, तिथेच पीठ मळून गोळे करायचे आणि भट्टीतून निघालेल्या गरम नानखटाया पत्र्याच्या डब्यात भरून आणायच्या. माझी आजी स्वतःचे ट्रे नेत असे. बेकरीच्या ट्रेमध्ये अंड्याचा केकही भाजतात, तेव्हा तिचं बरोबरच होतं. पण भट्टीवरच्या माणसाने ट्रेला हात लावला की घरी येऊन ती वरून पाणी शिंपडायची, ते मात्र अंड्यासाठी नव्हतं. ते त्या माणसासाठी होतं.

तेव्हा मला दोन्ही एकच वाटायचं. आज वाटत नाही. "यात कोणाचा जीव आहे?" हा प्रश्न भगवान महावीरांच्या वाटेवरचा आहे. "हे कोणाच्या हातचं?" हा प्रश्न त्या वाटेवरचा नाही. पहिला जपायचा आणि दुसरा सोडायचा, हे काम आपल्याच पिढीला करायचं आहे.

यात काय आहे?

पहिला प्रश्न नीट विचारायला लागलं की मात्र बिस्किटातून एकेक गोष्ट निघतच राहते.

साखर घ्या. स्वदेशीच्या चळवळीत, १९०५ च्या सुमारास, परदेशी साखर हाडांच्या कोळशाने शुभ्र करतात हा मोठा आक्षेप होता. काही देशांत ती पद्धत खरोखरच होती आणि अजूनही आहे. आपल्याकडचे बहुतेक कारखाने चुना आणि गंधकाचा धूर वापरून साखर साफ करतात. इथे आपल्या गावाचा अभिमान वाटेल अशी एक गोष्ट आहे. वालचंद हिराचंद आपल्या सोलापूरचे, १८८२ साली इथल्या जैन घरात जन्मलेले. जहाजं, विमानं, मोटारी यांसाठी त्यांचं नाव घेतात. पण मालेगावजवळ रावळगावची साखर त्यांनीच १९३३ मध्ये उभी केली आणि १९४२ पासून तिथे गोळ्या-चॉकलेटं होऊ लागली. आपण शाळेत असताना चघळलेली 'पान पसंद' तिथलीच.

मग चरबी. फ्रान्समध्ये १८६९ साली लोण्याला स्वस्त पर्याय म्हणून मार्गारिन निघालं ते गुरांच्या चरबीपासून. आपल्याकडे १९३७ मध्ये डालडा आला. वनस्पती तेलापासून केलेला, म्हणून कित्येक घरांत तो निर्धास्तपणे वापरला गेला. पण १९८३ च्या सुमारास वनस्पती तुपात परदेशातून आणलेली गाईची चरबी मिसळल्याच्या बातम्यांनी देश हादरला. सासूबाई सांगतात, तेव्हा कित्येक घरांनी घरातले डबे उचलून बाहेर ओतले होते. शिवाय वनस्पती तुपातली ट्रान्स फॅट हृदयाला वाईट. २०२२ पासून सरकारने तिच्यावर २ टक्क्यांची मर्यादा घातली आहे.

फुगवायचा अमोनिया घ्या. बेकरीची बिस्किटं ज्याने खुसखुशीत होतात तो आज रसायनांच्या कारखान्यात होतो. पण युरोपात पूर्वी तो हरणांची शिंगं जाळून काढत, आणि त्याचं जुनं इंग्रजी नाव 'हार्टशॉर्न' म्हणजे हरणाचं शिंगच.

आणि सजावट! मैत्रिणींनो, इथे सगळ्यात जास्त सावध राहायला हवं. पुतणीच्या डब्यातल्या बाटल्या मी एकेक करून वाचल्या. तांबडा रंग 'कार्माइन' किंवा १२० या क्रमांकाचा असेल तर तो कोचिनील नावाचे किडे वाळवून केलेला असतो. चकचकीत गोळ्यांवरची चमक पुष्कळदा 'शेलॅक'ची, क्रमांक ९०४, म्हणजे लाखेच्या किड्यांपासून मिळणाऱ्या चपडा लाखेची. श्रावकाने करू नयेत अशा पंधरा व्यवसायांत लाखेचा व्यापार आपल्या आचार्यांनी कित्येक शतकांपूर्वी सांगून ठेवला आहे. जी लाख विकायची नाही ती आपण केकवरून खातो! चांदीचा वर्खही तसाच. तो जनावरांच्या आतड्याच्या किंवा कातड्याच्या पुड्यांत ठेवून ठोकत. २०१६ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने वर्ख करताना कोणत्याही टप्प्यावर प्राणिज वस्तू वापरू नये असा नियम काढला. त्यामागे जैन समाजाचा आणि प्राणिमित्रांचा अनेक वर्षांचा आग्रह होता. तरी वर्ख घेताना यंत्रावरचा आहे ना, हे विचारूनच घ्या.

"पण हिरवा ठिपका असतो ना?" मीही असंच म्हणत होते. हिरव्या-तपकिरी ठिपक्यांची सक्ती २००१-०२ च्या सुमारास झाली आणि आपलं पुष्कळ काम सोपं झालं. पण नियमातली व्याख्या वाचून मी उडालेच. मांसाहारी पदार्थ कोणता, हे सांगताना दूध आणि दुधाचे पदार्थ, मध, मेण आणि शेलॅक यांना त्यातून वगळलं आहे. म्हणजे मध घातलेल्या, लाखेची चमक दिलेल्या पदार्थावरही हिरवा ठिपका असू शकतो. मध तर आपल्या मद्य, मांस, मधु या तीन मकारांतला. समंतभद्राचार्यांनी रत्नकरंड श्रावकाचारात आठ मूलगुणांत त्याचा त्याग सांगितला आहे. तेव्हा ठिपका बघून थांबू नका, मागची बारीक अक्षरं वाचा. चष्मा लागला तरी चालेल.

लोणी, तूप आणि दूध

आता सासूबाई आणि पुतणी यांच्यातला खरा प्रश्न.

'व्हीगन' हा शब्द १९४४ चा. इंग्लंडमधल्या डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या सोबत्यांना वाटलं की नुसतं मांस सोडून भागत नाही. दूध आणि अंड्यासाठीही जनावराला त्रास होतोच. म्हणून त्यांनी वेगळी संस्था काढली आणि वेगळा शब्द घडवला. आपल्याकडे २०२२ मध्ये सरकारने व्हीगन पदार्थांसाठी वेगळे नियम आणि वेगळं चिन्ह आणलं, म्हणजे हा शब्द आता कायद्यातही आला.

आपल्या शास्त्रांनी दूध वर्ज्य सांगितलेलं नाही. ते गाळून, वेळेत तापवून घ्यायला सांगितलं. पण लोणी मात्र अभक्ष्य आहे. समंतभद्राचार्यांनी मुळा, ओलं आलं आणि लोणी एकाच ठिकाणी टाळायला सांगितलं आहे. काढलेलं लोणी तसंच राहू दिलं तर अंतर्मुहूर्तात, म्हणजे ४८ मिनिटांच्या आत, त्यात जीव उत्पन्न होतात, म्हणून लगेच कढवून तूप करायचं. म्हणजे बघा, विलायती बिस्किटाचा जीव ज्या बटरमध्ये, ते बटर आपल्याला कधी चालतच नव्हतं! बेकरीतल्या 'बटर कुकीज' आपण खाऊ लागलो तेव्हा आपण ही गोष्ट विसरलो.

तुपाचं काय? मी सासूबाईंना त्यांच्या माहेरच्या गाईबद्दल विचारलं. त्या अक्कलकोट भागातल्या. म्हणाल्या, "आमच्याकडं वासराला आधी सोडायचे. दोन सडं त्याची. त्याचं पोट भरल्याशिवाय आई चरवी घेऊन बसायची नाही. गाय म्हातारी झाली तरी दावणीलाच. गेली तेव्हा घरात चूल पेटली नाही." ते तूप मला पाप वाटत नाही, आणि मला वाटतं पुतणीलाही वाटणार नाही.

पण १९७० मध्ये दूध महापूर योजना सुरू झाली आणि दुधाची सारी व्यवस्था बदलली. देशाला दूध मिळालं, शेतकऱ्याच्या घरी दर आठवड्याला पैसा आला, गरीब घरातल्या बायकांच्या हाती रक्कम आली, हे सगळं खरं. त्याच वेळी दूध पिशवीतून दारात येऊ लागलं आणि गाय आपल्या डोळ्यांआड गेली. वासरू दूध प्यायलं का, नर वासराचं काय झालं, आटलेली म्हैस कुठे गेली, हे आता आपल्याला दिसत नाही. सासूबाई ज्या तुपाची बाजू घेत होत्या ते त्यांच्या माहेरचं तूप होतं. पुतणी ज्याच्याविरुद्ध बोलत होती ते पिशवीतलं होतं. नाव एकच, म्हणून भांडण.

मी तूप सोडलेलं नाही. तुम्ही सोडा असंही सांगणार नाही. देवापुढचा दिवा, अभिषेक, मुनिराजांचा आहार, हे सगळं तुपा-दुधाशी जोडलेलं आहे आणि त्याचा निर्णय मी एकटी करणारी कोण? पण "आपल्याकडे चालतं" हे उत्तर मात्र मी आता देत नाही. सुरतेतल्या बायकांना कोणीतरी म्हणालंच असेल की एवढ्याशा ताडीने काय होतं. त्यांनी ऐकलं असतं तर नानखटाई झालीच नसती.

पिठाचा कोंबडा

गप्प राहिलेल्या दोघी बोलत्या झाल्या त्या एका भलत्याच गोष्टीवरून. पुतणीने साचे ओट्यावर मांडले. तारा, पान, पणती, आणि सोबत ससा, मासा, कोंबडा. सासूबाईंनी ससा उचलून बघितला आणि बाजूला ठेवला. मासा ठेवला. कोंबडा हातात धरून म्हणाल्या, "हा नाही चालणार."

"आजी, पिठाचा तर आहे! यात काहीच नाही, दूधसुद्धा नाही."

"यशोधर राजाचाही पिठाचाच होता."

मग त्यांनी गोष्ट सांगितली. तुमच्यापैकी पुष्कळजणींनी ती लहानपणी ऐकली असेल. उज्जैनीचा राजा यशोधर. त्याला वाईट स्वप्न पडलं. आईने, चंद्रमतीने, देवीला बळी द्यायचा आग्रह धरला. राजा जीव मारायला तयार होईना. शेवटी तडजोड म्हणून पिठाचा कोंबडा केला आणि त्याचा बळी दिला. जीव कोणताच गेला नाही. पण मारण्याचा संकल्प झाला. राणी अमृतमतीने पुढे दोघांना विष घातलं, आणि त्या एका संकल्पाचं फळ म्हणून मायलेक मोर, कुत्रा अशा कितीतरी योनींत एकामागून एक जन्मले, मेले, एकमेकांना खाल्लं. शेवटी अभयरुची आणि अभयमती ही भावंडं म्हणून त्यांना धर्म मिळाला.

ही कथा सोमदेवसूरींनी यशस्तिलक ग्रंथात इसवी सन ९५९ मध्ये लिहिली, अपभ्रंशात पुष्पदंतांनी लिहिली. आणि या यशस्तिलकावरचा सगळ्यात मोठा अभ्यासग्रंथ कुठे छापला गेला माहीत आहे? आपल्या सोलापुरात. आसामचे विद्वान कृष्णकांत हंदिकी यांचा तो इंग्रजी ग्रंथ ब्रह्मचारी जीवराज गौतमचंद दोशी यांच्या नावाच्या जीवराज जैन ग्रंथमालेने १९४९ मध्ये काढला. आसामच्या एका माणसाने हजार वर्षांपूर्वीच्या पिठाच्या कोंबड्यावर लिहावं आणि तो ग्रंथ सोलापूरच्या जैनांनी छापावा, याचं मला फार अप्रूप वाटतं.

पुतणी ऐकत होती. थोड्या वेळाने म्हणाली, "म्हणजे आजी, तू माझ्यापेक्षा कडक आहेस."

"कडक नाही गं," सासूबाई म्हणाल्या. "लहान पोर सशाचं डोकं आधी खाऊ का कान आधी खाऊ, असं म्हणतं ना, ते मला ऐकवत नाही."

व्हीगनांच्या यादीत पदार्थात काय नसावं ते सगळं असतं. खाताना मनात काय असावं, ते त्या यादीत नाही. ते आपल्याकडे आहे. आणि दूध कुठून येतं हे विचारायची आठवण आपल्याला त्या पोरीने करून दिली. मला वाटतं, दोघींनी एकमेकींना काहीतरी दिलं.

आमच्या घरी कसं केलं

आता कृती, कारण ती विचारल्याशिवाय तुम्ही सोडणार नाही.

मैदा १५० ग्रॅम, बेसन ५० ग्रॅम, घरी दळलेली पिठीसाखर १०० ग्रॅम, गोठलेलं खोबरेल तेल (खायचं) १०० ग्रॅम, वेलदोड्याची पूड, चिमूटभर मीठ. खोबरेल साधारण २४-२५ अंशांच्या खाली गोठतं. आपल्या सोलापुरात ते बहुतेक वेळा पातळच असतं, म्हणून वाटी आधी फ्रीजमध्ये ठेवा. तेल आणि साखर हलकी होईपर्यंत फेटा, मग पीठ मिसळा. गोल नानखटाई करायची असेल तर पाव चमचा खायचा सोडा घाला. साच्याने कापायची असेल तर सोडा अजिबात नको, आकार पसरतो. पीठ अर्धा सेंटिमीटर जाड लाटा, वीस मिनिटं थंड करा, मग कापा. १६० अंशांवर १८ ते २० मिनिटं भाजा. गरम असताना हात लावू नका, मोडतात.

यात पाण्याचा थेंब नाही, हे मुद्दाम. आपल्याकडे पिठाची मर्यादा पावसाळ्यात ३, उन्हाळ्यात ५ आणि हिवाळ्यात ७ दिवस. पाणी न घातलेल्या कोरड्या पदार्थाला पिठाचीच मर्यादा धरतात. ओट किंवा सोयाबीनचं दूध घालून केलेल्या कुकीज व्हीगन असतात, पण पाण्यामुळे त्यांची मर्यादा कमी होते. आणखी एक. नेहमीच्या काही कृतींत सोडा फुलावा म्हणून बेसनाबरोबर दही घालतात. ते द्विदल झालं. बिनदह्याच्या या कृतीत तो प्रश्नच येत नाही.

रंगासाठी परदेशी कृतींत बीट सांगतात. बीट कंद, आपल्याला नको. आपल्याकडे सोलापूरचं डाळिंब आहे, २०१६ मध्ये त्याला भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. १०० ग्रॅम पिठीसाखरेत डाळिंबाचा रस तीन-चार चमचे, थेंबाथेंबाने घाला, गुलाबी आयसिंग तयार. पिवळ्यासाठी हळद किंवा केशर. पण रस घातला की मर्यादा बदलली, म्हणून आयसिंग खायच्या दिवशीच लावा. अंड्याच्या पांढऱ्याऐवजी हरभरे शिजवलेलं पाणी फेटतात. २०१४ मध्ये फ्रान्समधल्या ज्योएल रोसेल यांना त्याचा फेस होतो हे सापडलं. तेही चालेल, पण त्याच दिवशीचं. बरणीत आठवडाभर ठेवलेलं आपल्या कामाचं नाही. आल्याची बिस्किटं हवी असतील तर ओल्या आल्याऐवजी सुंठ.

आम्ही तारे, पानं आणि पणत्या केल्या. ससा, मासा आणि कोंबडा डब्यातच राहिले. सासूबाईंनी एक पणती खाऊन बघितली. "खोबऱ्याच्या वडीसारखी लागते," म्हणाल्या. नानखटाई म्हणाल्या नाहीत. पण संध्याकाळी शेजारी ताट द्यायचं होतं तेव्हा त्यात चार पणत्या त्यांनी स्वतःच ठेवल्या.

वीर निर्वाणाच्या पहाटे देवळात चढवायचा लाडू मात्र तुपातलाच झाला. पुतणीने तो वळू लागला. खाल्ला नाही, आणि कोणी आग्रहही केला नाही.

तुमच्याकडे बिनतुपाचं काही करत असाल तर जरूर सांगा. लिहिण्यात काही चुकलं असेल, कोणाचं मन दुखावलं असेल तर उत्तम क्षमा.

जय जिनेंद्र.